ब्रेक लागतो, पण सुटत नाही: कॅलिपर मोकळा करण्यात गेलेले सहा आठवडे

आमची गाडी १७ वर्षांची आहे. बाबांनी घेतली, आता मी चालवते. तिच्या पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक धरून बसायला लागला आणि तो पुरता मोकळा होईपर्यंत ४ जानेवारी ते १६ फेब्रुवारी एवढा काळ गेला. मी मेकॅनिक नाही. चाक बदलणं, इंजिन ऑईल बदलणं, हेडलाइटचा बल्ब टाकणं, याच्या पलीकडे घरी कधी काही केलं नव्हतं. ब्रेकला हात घालायची भीती वाटत होती, आणि ती वाटायलाच हवी. ज्यांची गाडी अशीच धरायला लागली आहे आणि नेमकं काय बिघडलंय तेच कळत नाहीये, त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे.

खुणा डिसेंबरपासून दिसत होत्या. मला त्या जोडता आल्या नाहीत. पेट्रोल जास्त जायला लागलं होतं. सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये सोडली की गाडी पूर्वी छान घरंगळत जायची, ती आता लगेच थांबायची. स्टिअरिंग किंचित डावीकडे ओढत होतं. आणि सगळ्यात स्पष्ट खूण म्हणजे डाव्या चाकाची रिम दर दोन दिवसांनी काळ्या भुकटीने माखायची, उजवी मात्र स्वच्छ. मी टायरची हवा तपासली, अलाइनमेंट करून घेतली. त्यात पैसे गेले आणि ओढणं तसंच राहिलं. गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंटला पैसे देण्याआधी दोन्ही रिमवरची भुकटी बघा. त्याला काहीच खर्च नाही.

शनिवार, ४ जानेवारी. ४० मिनिटं गाडी चालवून घरी आले, दार उघडलं आणि जळका वास आला. तापलेलं लोखंड आणि करपलेलं रबर यांचा मिळून येतो तसा. डाव्या चाकाजवळ हात नेला तर वीतभर अंतरावरूनच धग लागली. शेजारच्यांकडे लांबून तापमान मोजायचं यंत्र होतं, ते आणून दोन्ही डिस्कवर, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या लोखंडी चकत्यांवर, धरलं. डावी २१२ अंश, उजवी ६८. डिस्कला किंवा चाकाच्या नटांना अशा वेळी बोटही लावू नका.

हा आकडा बघून मी गाडी उभी केली, कारण प्रश्न नुसता पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी घासून थांबवणारे तुकडे) झिजण्याचा राहिला नव्हता. ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषून घेतं. ताजं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑईल निदान २३० अंशांपर्यंत उकळायला नको, असं त्याचं मानक सांगतं. पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तीच मर्यादा १५५ वर येते. ऑईल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, त्यामुळे पाय थेट खाली जातो आणि गाडी थांबत नाही. म्हणजे जो ब्रेक सुटत नाही, तोच तापून तापून एक दिवस लागायचा बंद होऊ शकतो. आमच्या गाडीतलं ऑईल शेवटचं कधी बदललं, हे घरात कुणालाच आठवत नव्हतं. ते साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं असतं.

सोमवारी, ६ तारखेला, गाडी हळूहळू गॅरेजला नेली. चाक न उघडताच अंदाजपत्रक हातात आलं: पुढचे दोन्ही कॅलिपर (पॅड धरून डिस्कला चिमट्यासारखा पकडणारा भाग) नवे, दोन्ही डिस्क नव्या, पॅड नवे, सामान यायला आठ दिवस. मी विचारलं, "पण नेमकं काय अडकलंय?" उत्तर आलं, "ताई, १७ वर्षांची गाडी आहे, कॅलिपर गेलेत." त्यांची बाजूही मला समजते. जुना कॅलिपर उघडून साफ करण्यात अख्खा दिवस जातो, नवा तासाभरात बसतो, आणि उघडलेल्या कामाची हमी त्यांना द्यावी लागते. तरी काय अडकलंय हे न बघता सगळं बदलायचं, हे मनाला पटेना. मी कागद घडी करून ठेवला आणि शनिवारपर्यंत फक्त वाचलं.

वाचताना एक गोष्ट कळली आणि पुढचं सगळं काम तिच्याभोवती फिरलं. ब्रेक कसा लागतो हे आपल्याला ढोबळ माहीत असतं: पायाने पेडल दाबायचं, ऑईलचा दाब पिस्टनपर्यंत जातो, पिस्टन पॅडला ढकलतो, पॅड डिस्क पकडतो. पण पाय उचलल्यावर पिस्टनला मागे कोण आणतं? मला वाटायचं, आत स्प्रिंग असेल. स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती एक चौकोनी काटछेदाची रबरी रिंग असते, तेच त्याचं सील. पिस्टन पुढे सरकताना ही रिंग त्याला धरून थोडी पिळली जाते. दाब गेला की ती आपल्या मूळ आकारात येते आणि येता येता पिस्टनला मिलिमीटरचा छोटासा अंश मागे घेते. बस, एवढंच. ब्रेक सुटणं म्हणजे त्या रबराचं सरळ होणं. एवढ्याशा ओढीला गंजाचा एक खवलासुद्धा पुरेसा अडथळा आहे.

आमच्या गाडीचा कॅलिपर सरकता आहे, बहुतेक साध्या गाड्यांचा असतो तसा. त्यात पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतल्या पॅडला दाबतो, आणि मग अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून सरकत बाहेरच्या पॅडला डिस्ककडे ओढतो. म्हणजे अडकायच्या जागा चाकापाशीच तीन: पिना, पॅडचे कान (दोन्ही टोकं) जिथे बसतात त्या खाचा, आणि पिस्टन. चौथी जागा म्हणजे रबरी होज, कॅलिपरपर्यंत ऑईल आणणारी नळी. ती बाहेरून धडधाकट दिसते, पण आतून सुजते. मग पायाच्या जोराने ऑईल पुढे जातं आणि परत यायला वाट राहत नाही. दोन्ही चाकं एकदम धरत असतील तर मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑईलवर दाब आणणारा भाग) किंवा पेडलचा रॉड बघायचा. मागची धरत असतील तर आधी हँडब्रेकची केबल.

शनिवार, ११ जानेवारी. सपाट जागा, मागच्या चाकांना अडण्या, जॅकने उचलून गाडी स्टँडवर. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातही घालायचा नाही, हे बाबांनी तीनदा सांगितलं आणि मी ते तसंच इथे लिहिते. न्यूट्रलमध्ये चाक फिरवून पाहिलं. उजवं एका हाताने फिरलं. डाव्याला दोन्ही हात लावून पाव फेरा, तोही कण्हत.

खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचलला. पॅड मोजले: आतला २ मिलिमीटर, बाहेरचा ६. एकाच चाकातल्या दोन पॅडमध्ये एवढा फरक असेल तर कॅलिपर नीट सरकत नाहीये किंवा पिस्टन मागे जात नाहीये. वरची पिन बोटांनी निघाली. खालची हलेचना. तिचा रबरी बूट (धूळ-पाणी अडवणारं आवरण) फाटला होता आणि आतल्या ग्रीसचं काळं, मेणासारखं घट्ट लुकण झालं होतं. गंज सोडवणारं तेल मारून, पान्याने मागेपुढे हलवत हलवत ती बाहेर काढायला ५० मिनिटं लागली.

पिनांच्या बाबतीत तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली: काढण्याआधी फोटो काढा. कित्येक गाड्यांत एका पिनेच्या टोकाला रबरी बाही असते आणि ती पिन वर की खाली हे ठरलेलं असतं. अदलाबदल झाली की नव्याने साफ केलेली पिनही अडकते. दुसरी: ग्रीस ब्रेकसाठीचंच, सिलिकोनवालं. घरातलं साधं ग्रीस खनिज तेलाचं असतं आणि ब्रेकमधलं रबर त्याने फुगतं. याच कारणासाठी ब्रेकचे भाग पेट्रोल-रॉकेलने धुवायचे नाहीत, ब्रेक क्लीनरनेच धुवायचे. तिसरी: ग्रीस पातळ थरात लावा. भोक ग्रीसने भरलं तर पिन आत ढकलल्यावर पिचकारीसारखी परत बाहेर येते. पिन बसवताना बुटाची कड बोटाने उचलून आतली हवा जाऊ द्यायची.

पॅडच्या खाचांकडे माझं लक्ष उशिरा गेलं. तिथे पत्र्याच्या पातळ क्लिपा असतात. त्या काढल्या तर खाली ब्रॅकेटवर (कॅलिपर ज्या चौकटीवर बसतो तिच्यावर) गंजाचा पापुद्रा इतका चढला होता की त्याने क्लिपच वर उचलली होती. त्यामुळे खाच अरुंद झालेली आणि पॅडचे कान त्यात रुतलेले. सपाट कानशीने तो थर उतरवला, खाली चकचकीत लोखंड दिसेपर्यंत. पॅड खाचेत ठेवल्यावर बोटाने सरकला पाहिजे. हातोडीने ठोकून बसवावा लागत असेल तर तो परत सुटणार नाही.

नव्या क्लिपा, नवे बूट आणि ग्रीस आधीच आणून ठेवलं होतं. पॅड तेवढे जुनेच ठेवले, कारण बिघाड हाच आहे की आणखी काही, याची खात्री नव्हती. सगळं जोडलं, चाक बऱ्यापैकी मोकळं फिरलं. त्या रात्री फार हलकं वाटलं.

११ दिवस गाडी छान चालली. बुधवारी, २२ तारखेला, उतारावर चार-पाच वेळा ब्रेक दाबावा लागला आणि स्टिअरिंग पुन्हा डावीकडे गेलं. घरी येऊन मोजलं: १४० आणि ६५. खरं सांगते, तिथे रडू आलं. पिना आपण नीट केल्याच नाहीत, असं वाटत राहिलं. पण शनिवारी कॅलिपर उघडला तर पिना तेलात घातल्यासारख्या सरकत होत्या. ते काम बरोबरच झालं होतं, फक्त बिघाड एकच नव्हता.

आता पिस्टन की होज, हे ठरवायचं होतं. त्यासाठीची चाचणी सोपी आहे, आणि नवीन काही विकत घेण्याआधी ती प्रत्येकाने करावी असं मला वाटतं. ब्रेक धरलेल्या अवस्थेत चाक उचला. कॅलिपरवरच्या एअर काढायच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक बाटलीत सोडा आणि निपल पाव फेरा ढिला करा. ऑईलची छोटी चिळकांडी येऊन चाक लगेच सुटलं, तर दाब आत अडकला होता, म्हणजे होज किंवा त्याच्या मागचं काही. मग निपल बंद करून परत ब्रेक दाबायचा आणि या वेळी होजच्या मागचा, लोखंडी पाइपचा जोड ढिला करायचा. तिथे सुटलं तर दोष मास्टर सिलिंडरकडे, नाही सुटलं तर होजमध्ये. आणि निपल उघडूनही चाक धरूनच राहिलं, तर ऑईलचा काही दोष नाही. कॅलिपरच यांत्रिकरीत्या अडकलाय. माझ्याकडे निपलमधून जेमतेम दोन थेंब आले आणि चाक तसंच घट्ट. पिना मोकळ्या, खाचा मोकळ्या, दाब नाही. उरला पिस्टन.

पिस्टनच्या धुळीच्या बुटाला खालच्या बाजूला नखाएवढी चीर होती. आधीच्या वेळी ती मला दिसलीच नव्हती, कारण तो भाग बघायला आरसा लागतो.

सील किट मागवलं. दुकानदाराने गाडीचं मॉडेल आणि साल विचारलं, मी सांगितलं, २९ जानेवारीला किट आलं आणि ते चुकीचं निघालं. एकाच सालात या मॉडेलला दोन वेगवेगळे कॅलिपर बसवले गेले होते, एक ५४ मिलिमीटर पिस्टनचा, दुसरा ५७चा. किटच्या पाकिटावर ५४ छापलं होतं. मी तारेचा ब्रश घेऊन कॅलिपरच्या पाठीवरचा गंज घासला, तेव्हा ओतीव लोखंडातच उमटवलेला ५७ हळूहळू वर आला. आधीच घासलं असतं तर आठवडा वाचला असता. सुदैवाने आतली प्लॅस्टिकची पिशवी फोडली नव्हती. पावती, न फोडलेलं पाकीट आणि परतीच्या अर्जावर चासी नंबर, या तिन्ही गोष्टी होत्या म्हणून सामान परत घेतलं गेलं. दुसरी ऑर्डर चासी नंबर आणि तो ५७ असा दोन्हींवरून दिली. ती ४ फेब्रुवारीला आली. या सगळ्या काळात गाडी जागची हलवली नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी. सगळ्यात आधी, कॅलिपर जागेवर घट्ट असतानाच, निपल आणि होजचा बोल्ट सुटतात का ते पाहून परत हलकेच आवळून ठेवले. निपल तुटलं तर पुढचं सगळं गणित बदलतं, म्हणून त्याची खात्री सुरुवातीलाच करायची. सहा कोनांचा सॉकेट वापरा. उघड्या तोंडाच्या पान्याने निपलचे कोपरे गोल होतात.

अडकलेला पिस्टन बाहेर काढायचा सगळ्यात सुरक्षित मार्ग म्हणजे गाडीचाच ब्रेक. हवेच्या दाबाने तो गोळीसारखा सुटतो. कॅलिपर ब्रॅकेटवरून उतरवून तारेने टांगला, कारण त्याचं वजन होजवर येऊ द्यायचं नाही. पिस्टनसमोर लाकडाचा ठोकळा ठेवला, खाली ट्रे ठेवला. बाबा आत बसले. "बाबा, अगदी हळू दाबा." काही होईना. "अजून?" "हो, दाबत राहा." मग खट्ट असा एक आवाज आला आणि पिस्टन ५ मिलिमीटर पुढे आला. पुन्हा दाब, पुन्हा खट्ट. मध्येमध्ये ब्रेक ऑईलच्या टाकीत ऑईल भरत राहिलो, कारण ती रिकामी झाली की हवा आत जाते आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत ती काढणं फार अवघड होऊन बसतं. सहाव्या-सातव्या वेळी पिस्टन लाकडावर टेकला आणि ऑईल ट्रेमध्ये सांडलं. रंगावर उडालेलं ऑईल तिथल्या तिथे पाण्याने धुवा, नाहीतर रंग सोलपटतो.

पिस्टन पुसून उजेडात धरला. वरची चकाकी तीन चतुर्थांश भागावर आरशासारखी होती. जिथे बुटाला चीर होती, बरोबर त्याच जागी खाली, बोटभर रुंदीच्या पट्ट्यात, बारीक बारीक खड्डे. त्यावरून नख फिरवलं की अडकत होतं. सील जिथे फिरतं त्या भागात असे खड्डे असतील तर पिस्टन घासून वापरायचा नाही. घासताना वरचा मुलामा जातो आणि गंज अधिक वेगाने लागतो. नवा पिस्टन मागवला. पुन्हा पाच दिवस.

होज उघडी ठेवायची नव्हती. तिच्या तोंडाला स्वच्छ रबरी टोपी लावली, आणि टाकीतलं ऑईल झिरपून जाऊ नये म्हणून पेडल थोडं दाबलेल्या अवस्थेत लाकडी पट्टीने टेकवून ठेवलं. पेडल इंचभर खाली असलं की मास्टर सिलिंडरमधलं टाकीकडचं छिद्र बंद होतं. युक्ती उत्तम आहे. पण अंधार पडल्यावर बाबा खिडकीतून म्हणाले, "अगं, मागचे लाल दिवे पेटलेत." पेडल दाबलेलं म्हणजे ब्रेकलाइट चालू. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवली. पट्टी लावणार असाल तर हे विसरू नका.

वाट बघण्याच्या दिवसांत कॅलिपरचं भोक साफ केलं. इथे मी सगळ्यात जास्त वेळ दिला आणि घाई करू नका असं कळकळीने सांगते. जुनं सील लाकडी टोकदार काडीने काढलं. लोखंडी टोकाने भोकाच्या भिंतीला ओरखडा पडला तर तिथून ऑईल गळतं. सील निघाल्यावर त्याच्या खाचेत तळाशी तपकिरी-पांढरी, खड्यासारखी कडक खपली दिसली. पातळशी, पण खाचेच्या निम्म्या घेरात पसरलेली. ती सीलला खालून वर रेटत होती, त्यामुळे सीलची पिस्टनवरची पकड आवळली गेली होती आणि त्याला पिळायला-सुटायला जागाच उरली नव्हती. या खाचेची एक कड मुद्दाम तिरकी कापलेली असते, रबराला कलता यावं म्हणून. ती तिरकी कडही खपलीने भरून गेली होती. ब्रेक क्लीनर, काडी, पितळी तारेचा छोटा ब्रश, परत क्लीनर, असं दोन संध्याकाळी केलं. बोटाच्या टोकाला खाचेची कड सगळीकडे सारखी धारदार लागायला लागली तेव्हाच थांबले.

भोकाच्या भिंतीवरही खड्डे असते, किंवा निपल आत तुटलं असतं, तर मी नवाच कॅलिपर घेतला असता. तिथे हट्ट करू नये.

पिस्टन १३ तारखेला आला. शनिवारी, १५ फेब्रुवारीला, नवं सील ताज्या ब्रेक ऑईलमध्ये भिजवून खाचेत बसवलं आणि बोट फिरवून ते कुठे पिळलेलं नाही ना हे पाहिलं. पिस्टनवर बूट चढवला, पिस्टन भोकाच्या तोंडावर सरळ ठेवला आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबला. तो गेला. संथ, एकसारखा, थोड्या ओलसर आवाजात आत गेला. जो जुना पिस्टन महिन्याभरापूर्वी शिकंज्याने आवळूनही नाइलाजाने सरकत होता, त्याच्या जागी हा नुसत्या अंगठ्यांनी. आत जाताना तो तिरका झाला तर जोर करू नका. बाहेर काढून परत सरळ ठेवा.

होजच्या बोल्टला दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वॉशर टाकले. जुने एकदा दबले की परत नीट बसत नाहीत आणि तिथून हमखास पाझर येतो. सगळे बोल्ट टॉर्क पान्याने (ठरवलेल्या जोराएवढंच आवळता येतं तो पाना), गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यानुसारच आवळले. डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते. आमच्या डिस्कवर २० होती आणि मोजल्यावर २१.३ भरली, पृष्ठभागावर भेगा नव्हत्या, म्हणून डिस्क ठेवल्या. पॅड मात्र दोन्ही बाजूंचे नवे, कारण एका बाजूला नवे आणि दुसरीकडे जुने असतील तर गाडी ओढत राहते.

रविवारी उजवी बाजू. तिथे पिस्टन चांगला निघाला, फक्त सील आणि बूट बदलले. त्या बाजूचं निपल मात्र गंजून बसलं होतं. शुक्रवारी रात्रीपासून त्यावर तेल मारत होते, वरून हलके ठोके देत होते, आणि रविवारी सकाळी आवळायच्या दिशेला किंचित ढकलून मग सोडवल्यावर ते हललं. त्या क्षणी नेमकी किती भीती होती ते सांगता येत नाही. डावा-उजवा कॅलिपर एकाच वेळी काढला असेल तर त्यांच्यावर खुणा करा. अदलाबदल झाली तरी ते बसतात, पण निपल खाली जातं आणि हवा वरच अडकून राहते.

दुपारी एअर काढायला बसलो. पुस्तिकेत आमच्या गाडीसाठी सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायला सांगितलं होतं. तुमच्या गाडीचा क्रम वेगळा असू शकतो, बघून घ्या. मी निपलपाशी, बाबा पेडलवर. "दाबा." "दाबलं." निपल उघडायचं. "धरून ठेवा." "धरलंय." बुडबुडे नळीतून जाऊ द्यायचे, निपल बंद करायचं. "सोडा." निपल बंद व्हायच्या आत पाय उचलला गेला तर हवा परत आत ओढली जाते, म्हणून आम्ही ठरवलं की मी शब्द उच्चारेपर्यंत त्यांनी काहीच करायचं नाही, आणि त्यांनी उत्तर दिल्याशिवाय मी काही करायचं नाही. चारही चाकं मिळून हे किती वेळा झालं, मोजलं नाही. जुनं ऑईल काळपट तपकिरी येत होतं, हळूहळू फिकट, शेवटी बाटलीतल्यासारखं स्वच्छ. एक लिटर डॉट ४ लागलं, सीलबंद डब्यातलं, त्याच दिवशी उघडलेलं. काढलेलं ऑईल झाकणाच्या बाटलीत भरून नंतर गॅरेजला दिलं. ते गटारात ओतायचं नसतं.

पेडल कडक झालं. गाडी सुरू करून, जागेवरच, पाय दाबून दोन मिनिटं धरला आणि ते खाली जात नाही हे पाहिलं. पॅड बदलल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल चार-पाच वेळा दाबणं फार महत्त्वाचं आहे, कारण पिस्टन मागे ढकललेले असतात आणि पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. मग पायी चालण्याच्या वेगात अंगणात पुढे-मागे. मग रिकामा रस्ता. नवे पॅड डिस्कवर घासून नीट जुळावेत म्हणून मध्यम वेगावरून दहा-बारा वेळा, पूर्ण न थांबता, वेग कमी करत गेले आणि मध्ये गार व्हायला वेळ दिला.

२० किलोमीटर करून परत आलो. यंत्र धरलं. डावी ६२, उजवी ६०. बाबांनी यंत्र माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः परत दोन्ही मोजल्या.

खर्चाचं सांगायचं तर दोन सील किट, एक पिस्टन, पॅड, क्लिपा, ग्रीस, ऑईल, क्लीनर, वॉशर, सगळं धरून गॅरेजच्या त्या अंदाजपत्रकाच्या एक तृतीयांशाहून थोडं कमी झालं. टॉर्क पाना आणि स्टँड त्यात धरलेले नाहीत, ते नव्याने घ्यावे लागले. वेळ मात्र चार शनिवार-रविवार गेला आणि तीन आठवड्यांहून जास्त गाडी उभी राहिली. रोज गाडी लागणाऱ्याला हे परवडणार नाही, त्याने तयार कॅलिपर बसवून घेण्यात काहीही कमीपणा नाही. फक्त काय अडकलंय ते आधी बघून घ्या. होज सुजली असेल आणि कॅलिपर नवा टाकला, तर नवा कॅलिपरही धरूनच बसेल. आणि स्वतः केलंत तर रस्त्यावर नेण्याआधी जाणकार माणसाला एकदा दाखवा. मी मात्र उशिरा, सोमवारी, ओळखीच्या मेकॅनिककाकांना दाखवलं. त्यांनी पाझर, बोल्ट, पेडल सगळं पाहिलं आणि एका जागी होज थोडी पिळ घेऊन बसली होती ती सरळ करून दिली.

रविवारी, २३ फेब्रुवारीला, शेवटची तपासणी केली. चाकाचे नट परत टॉर्क पान्याने पाहिले, होजच्या जोडावर पांढरा कागद फिरवला, तो कोरडा निघाला. टाकीतली पातळी खुणेवरून हलली नव्हती. मग डावं चाक उचललं, बाबांना ब्रेक दाबून सोडायला सांगितलं आणि एका हाताने चाकाला ढकललं. पॅडचा किंचित सर्र असा आवाज करत ते पूर्ण फेरा फिरलं आणि आपोआप थांबलं.